एका कागदावर दोन जाळ्या

चीनमध्ये १८३२ साली ली झाओलुओ यांनी प्रसिद्ध केलेला साम्राज्याचा नकाशा पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकतो, कारण त्यावर एकावर एक अशा दोन जाळ्या आहेत. एक सरळ चौकोनांची, अस्सल चिनी. दुसरी अक्षांश-रेखांशांची, युरोपातून आलेली.

चौकोनांची जाळी फार जुनी. शीआनच्या शिलासंग्रहात ११३६ सालचा दगडात कोरलेला नकाशा आहे. त्यातल्या प्रत्येक चौकोनाची बाजू म्हणजे १०० ली (एक ली साधारण अर्धा किलोमीटर). चौकोन मोजा, अंतर कळते. पृथ्वीची गोलाई मात्र या हिशेबात येत नाही.

ती आणली जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री मातेओ रिची याने. १६०२ साली ली झिझाओ या अधिकाऱ्याच्या मदतीने त्याने बीजिंगमध्ये सहा पट्ट्यांचा जगाचा नकाशा छापला. युरोपीय नकाशांत उजव्या कडेला पडणारा चीन त्याने मध्याजवळ सरकवला आणि सगळी नावे चिनी लिपीत दिली. यजमानाचा मान राखणे त्याला चांगले जमत होते.

खरे मिश्रण झाले ते कांगशी बादशहाच्या मोजणीत. १७०८ साली चिनी भिंतीपासून सुरुवात झाली आणि दहा-एक वर्षांत जवळजवळ सारे साम्राज्य कागदावर आले. रेजिस, झार्तू हे पाद्री त्रिकोण जोडत मोजत गेले. चिनी आणि मांचू (बादशहाच्या स्वतःच्या जमातीचे) अधिकारी बरोबर होते, तिबेटात तर गणित शिकवलेले लामा पाठवले गेले. पण माझ्या मते या सगळ्याची किल्ली एका साध्या निर्णयात होती: अक्षांशाचा एक अंश म्हणजे २०० ली. आकाशातल्या ताऱ्या-सूर्यावरून काढायचे माप आणि रस्त्याचे माप असे एकमेकांना बांधले गेले. शून्य रेखांश अर्थातच बीजिंगमधून. तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेल्या प्रतीत भिंतीच्या आतली नावे चिनी, बाहेरची मांचू.

हा नकाशा चीनमध्ये दरबारापुरता राहिला, तर युरोपात फ्रेंच नकाशाकार दांव्हीलने त्यावरून केलेला ॲटलास १७३७ मध्येच द हेगमध्ये बाहेर पडला होता. देशातले अधिकारी तोवर चौकोनांवरच काम भागवत होते, आणि त्यांची गरज खरी होती: धान्य किंवा सैन्य न्यायचे तर अंतर लीमध्येच हवे. म्हणून १८३२ मध्ये दरबारी मोजणीवर आधारलेला नकाशा लोकांपुढे आला, तेव्हा चौकोन पुसले गेले नाहीत. १८६३ च्या हू लिनयी यांच्या नकाशातही दोन्ही जाळ्या सोबतच आहेत.