निसर्गचित्रण (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाक या पट्ट्यात जागेवर बसून निसर्ग रंगवण्याची रीत आणि चित्रकाराच्या हातात ती वयाबरोबर कशी पालटते, याविषयीची ही नोंद. मुख्य माध्यम पारदर्शक जलरंग. एका अंगाला कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१), दुसऱ्या अंगाला सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८), अशा दोन थोर जलरंगकारांच्या मुलखांमध्ये बेळगाव वसले आहे. खुद्द शहरात के. बी. कुलकर्णी यांनी चित्रकार घडवले. रवी परांजपे (१९३५–२०२२) हे त्यांचेच विद्यार्थी.

सुरुवात बहुधा किल्ल्याचा खंदक किंवा शहापूरची कौलारू घरे यांपासून होते. शिकाऊ हात कौल न् कौल मोजून काढतो. हा टप्पा टाळता येत नाही, आणि टाळूही नये: छपराचा उतार एकदा नीट बसला की पुढे तो ब्रशच्या एका फटक्यात उतरतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीकडे ऑगस्टमध्ये आभाळाचा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवून दिलेला रंगाचा पातळ थर, वाळता वाळत नाही. त्यात झाडाचा रंग टेकवला की तो फुटून पसरतो. नवखा घाबरून टिपकागद शोधतो. मुरलेला चित्रकार कागदाखालचा पाट किंचित कलता करून थांबतो, कारण रानाच्या कडेचे धुके त्या पसरण्यातूनच मिळते. उन्हाळ्यात गोकाककडे नेमके उलटे. ब्रश कागदाच्या तळाशी पोचेपर्यंत वरची कड सुकून पट्टा उमटतो, म्हणून कागद आधी मागून ओला करून घ्यावा लागतो.

दुसरा पेच हिरव्याचा. ट्यूबमधला तयार हिरवा भाताच्या शिवाराला लावला की शिवार प्लॅस्टिकचे दिसते. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि येलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून त्यात बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी) ठिपका घातला, तर तो हिरवा भडकपणा सोडून खाली बसतो. तोच बर्न्ट सिएना खानापूरच्या जांभ्यासाठी आणि तांबड्या वाटेसाठीही चालतो. त्यामुळे जमीन आणि पीक एकाच मुलखातले वाटतात. रंगपेटीत बारा रंग घेऊन निघणारा माणूस पुढे चार-पाचांवर येतो, तो याच अनुभवाने.

यानंतर वगळणे येते. चित्रात ‘जीव आणण्यासाठी’ घातलेली बैलगाडी जाते, विजेचे खांब जातात, येळ्ळूरचा राजहंसगड तटबंदीसकट न येता क्षितिजावरची एक निळसर घडी होऊन येतो. काहीजण या वळणावर तैलरंगाकडे जातात आणि जागेवरची छोटी स्केचेस समोर ठेवून घरी काम करतात. त्यात पकड येते, पण पाण्याचा ओलावा हरवतो. इथल्या हवेला जलरंगच अधिक मानवतो.

गोकाकच्या धबधब्यावर हा बदल स्पष्ट दिसतो. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. तरुणपणी सगळे पुराचे गढूळ पाणी रंगवायला धावतात. उतारवयातला चित्रकार एप्रिलमध्ये जातो, धार आटलेली असताना, आणि नुसता उघडा कडा रंगवतो.