रुग्णनोंदीतील जात-जमात (बेळगाव सीमाभाग)

दवाखान्याच्या कागदपत्रांत रुग्णाचा समाज, धर्म वा प्रवर्ग म्हणून जे लिहिले जाते ते त्याच्या स्वतःच्या ओळखीशी कितपत जुळते, हा वैद्यकीय माहितीच्या विश्वासार्हतेचा एक भाग. अमेरिकेत हा प्रश्न ‘वंश’ या रकान्याभोवती फिरतो. तेथे १९८३ ते १९८५ या काळात जन्मून वर्षाच्या आत दगावलेल्या अर्भकांचे जन्म-मृत्यू दाखले ताडून पाहिले असता गोऱ्यांच्या नोंदींत १.२, कृष्णवर्णीयांच्या ४.३ आणि उरलेल्यांच्या तब्बल ४३.२ टक्के तफावत निघाली. गट जितका लहान, तितकी चूक मोठी. हे सूत्र सीमाभागालाही लागू पडते.

भारतात वंशाचा रकाना सहसा नसतो. जन्म-मृत्यूच्या अहवालात धर्म विचारला जातो. माता-बाल आरोग्याच्या नोंदीत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर एवढेच भेद. म्हणजे जातीऐवजी यादी नोंदली जाते, आणि यादी राज्यागणिक बदलते. लमाणी व वड्डर कर्नाटकात अनुसूचित जातींत आहेत. महाराष्ट्रात हेच समाज बंजारा व वडार या नावांनी विमुक्त जातींत. महाराष्ट्रातील चंदगड-गडहिंग्लजकडचा रुग्ण उपचारासाठी बेळगावला आला की त्याचा प्रवर्ग कोणत्या राज्याच्या यादीने लिहायचा? कायद्याने तो मूळ राज्याचा. केस पेपरच्या खिडकीवर रांग लागलेली असताना हा भेद कोण पाळणार, हे वेगळे सांगायला नको. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या तीन-ब प्रवर्गात मोडतो. वरील तीन भेदांत तो, लिंगायत आणि दिगंबर जैन सगळे ‘इतर’च.

सर्वांत बोलके उदाहरण सिद्दींचे. खानापूर (बेळगाव जिल्हा) आणि हल्याळ, यल्लापूर (उत्तर कन्नड जिल्हा) या जंगलपट्ट्यात हा आफ्रिकी मुळाचा समाज राहतो. नावाची व्युत्पत्ती बहुधा अरबी ‘सय्यिदी’ (माझे स्वामी) अशी लावतात. मुळाबद्दल दोन मते आहेत. एकानुसार हे दख्खनी सुलतानांच्या हबशी सैनिकांचे वंशज. दुसऱ्यानुसार पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या व तेथून घाट चढून पळालेल्या गुलामांचे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बांटूभाषक आफ्रिकी गटांशी नाते दिसले, शिवाय भारतीय आणि काहीसा युरोपीय अंशही. त्यामुळे दुसऱ्या मताकडे कल झुकतो. तथापि हल्याळकडील मुसलमान सिद्दींपुरता आदिलशाहीशी संबंध अगदीच सोडून देता येत नाही. धर्माच्या रकान्यात हा एकच समाज हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा तीन ठिकाणी विखुरतो.

उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना तो जमातींच्या यादीतील २०२० च्या दुरुस्तीने. मधल्या काळात हल्याळची सिद्दी बाळंतीण जमातीत आणि खानापूरची तिची सख्खी बहीण ‘इतर’मध्ये, अशी नोंद नियमाला धरूनच झाली असती. कारकुनाची चूक नाही, रुग्णाचीही नाही. पण २०२० च्या अलीकडचे व पलीकडचे आकडे जोडून बेळगाव जिल्ह्यात आदिवासी रुग्ण वाढले असा निष्कर्ष काढला, तर तो फसवा ठरेल. २०२३ पासूनच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरील राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतील चाळिशीपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर असल्याने हा रकाना आता निव्वळ कागदी राहिलेला नाही.

न विचारता आडनावावरून समाज लिहिणे ही सवय या भागात विशेष धोक्याची. पाटील व देसाई मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, पाटील तर जैनांतही. कारवारकडचा नाईक आणि अनुसूचित जमातीतील नायक हे वेगळे. वर उल्लेखिलेल्या २०२० च्या दुरुस्तीनेच तळवार व परिवार ही नावे नायक जमातीत धरली गेली. तळवार हे मात्र आडनाव म्हणूनही चालते.