नायब तहसीलदार तहसीलदाराच्या हाताखाली, मग नायब राज्यपाल कुणाच्या?

साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा घेताना एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं सुरुवात केली की शेवट मीच करतो. "आवो सर, दिल्लीत तर नुसता नायब राज्यपाल, आपल्याकडं पूर्ण राज्यपाल. मग तिथला नायब मुख्यमंत्र्याला एवढा भारी कसा काय पडतो?"

विचारणाऱ्याची चूक नाही, शब्दच फसवा आहे. तहसील कचेरीत ज्यानं चार हेलपाटे घातलेत, त्याला नायब म्हणजे काय हे पाठ असतं. तहसीलदारसाहेब बैठकीला गेले की कागद नायब तहसीलदारांच्या टेबलावर. म्हणजे नायब हा दुय्यम, साहेबाच्या खालचा. हाच हिशेब राज्यपालाला लावला की गडबड होते. मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या सराव उत्तरपत्रिका तपासतो. "राज्यपालांच्या अनुपस्थितीत नायब राज्यपाल कारभार पाहतात" हे वाक्य दर महिन्याला कुणीतरी लिहितंच. राज्यपालाची खुर्ची रिकामी झाली तर सहसा दुसऱ्या एखाद्या राज्याच्या राज्यपालाकडं अतिरिक्त कार्यभार जातो. २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले, तेव्हा महाराष्ट्राचा कार्यभार गुजरातच्या आचार्य देवव्रतांकडं आला. यात नायब कुठंच नव्हता.

राज्यपालाबद्दल फार सांगत बसत नाही. अनुच्छेद १५३ ते १६३, राष्ट्रपतींकडून नेमणूक, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं कारभार, हे सगळ्यांनी घोकलेलं असतं. फक्त एक ध्यानात असू द्या. राज्यपाल कितीही नाराज झाला तरी फार तर काम अडवतो. विधान परिषदेच्या १२ नावांची यादी नोव्हेंबर २०२० मध्ये राजभवनात गेली आणि सरकार बदलेपर्यंत तिथंच पडून राहिली, हे आपण पाहिलंय. पण त्याच काळात साताऱ्याचा पोलीस अधीक्षक कोण असावा किंवा कुठल्या खात्याचा सचिव कुणाला करावं, हे राज्यपालानं ठरवलं नाही. ते मंत्रालयातच ठरलं.

आता नायब. हा शब्द अरबी-फारसीतून आला, मूळ अर्थ प्रतिनिधी, दुसऱ्याच्या वतीनं काम करणारा. तेव्हा प्रश्न 'किती कमी' असा नसून 'कुणाचा' असा आहे. दिल्लीचा नायब राज्यपाल कुठल्याच राज्यपालाचा नायब नाही. तो राष्ट्रपतींचा, म्हणजे व्यवहारात केंद्रीय मंत्रिमंडळाचा नायब आहे. अनुच्छेद २३९ म्हणतो की केंद्रशासित प्रदेशाचा कारभार राष्ट्रपती प्रशासकामार्फत चालवतील. प्रशासक! हाच खरा शब्द. नगरपालिका आणि जिल्हा परिषदेत आपण काही वर्षं प्रशासक अनुभवलाय, त्यामुळं हा शब्द सातारकरांना समजावून सांगावा लागत नाही. माझं मत विचाराल तर 'नायब राज्यपाल' मोडीत काढून सगळीकडं 'प्रशासक'च लिहावं, निम्मा घोळ तिथंच मिटेल. (आणि मराठी बातमीत हिंदीतला 'उपराज्यपाल' घुसवणाऱ्यांना तर वेगळा नमस्कार.)

फरक एवढाच की आपल्याकडं प्रशासक बसला तेव्हा नगरसेवक घरी होते. दिल्लीत प्रशासकही आहे आणि निवडून आलेली ७० जणांची विधानसभाही, दोन्ही एकाच वेळी. ही जोडणी १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीनं केली, अनुच्छेद २३९ कक घालून. खरा घोळ इथून सुरू होतो.

त्या अनुच्छेदानं विधानसभेला राज्यसूचीतले विषय दिले, पण तीन काढून घेतले: सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन. म्हणून दिल्लीत गुन्हेगारी वाढली की मुख्यमंत्र्याला शिव्या घालणारे लोक चुकीचं दार ठोठावत असतात. तिथले पोलीस केंद्रीय गृहमंत्रालयाचे. जमिनीचं बघणाऱ्या दिल्ली विकास प्राधिकरणाचा अध्यक्ष खुद्द नायब राज्यपाल.

इथपर्यंत मुलांना समजतं. ठेच पुढं लागते. उरलेल्या विषयांवर नायब राज्यपालानं मंत्रिमंडळाचा सल्ला मानायचा, हे कलम राज्यपालासारखंच दिसतं. पण त्याला एक परंतुक, म्हणजे 'मात्र' म्हणून जोडलेली अट आहे: 'कोणत्याही बाबीवर' मतभेद झाला तर त्यानं तो राष्ट्रपतींकडं पाठवावा, आणि निर्णय येईपर्यंत तातडीचं काम असेल तर योग्य वाटेल ती कारवाई स्वतः करावी, तसे निर्देश द्यावेत. हे परत वाचा. असं वाक्य राज्यपालाच्या वाट्याला घटनेत नाही. महाराष्ट्रात मंत्रिमंडळ आणि राज्यपाल यांचं कारभाराच्या निर्णयावर पटलं नाही तर शेवटी मंत्रिमंडळाचं चालतं. दिल्लीत वाद केंद्राकडं जातो आणि केंद्राचा माणूस तर वादाचाच एक पक्ष. ४ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं याला लगाम घातला. 'कोणतीही बाब' म्हणजे 'प्रत्येक बाब' नव्हे, हे परंतुक अपवादानं वापरायचं आहे, असं सांगितलं.

त्यानंतरची तारीख सातारकरांना सांगायला नको, पण अर्धीच आठवत असेल. ११ मे २०२३. त्या दिवशी आमचा अख्खा जिल्हा टीव्हीला चिकटलेला, कारण निकाल शिवसेनेच्या फुटीचा होता आणि एकनाथ शिंदे आमच्या महाबळेश्वर तालुक्यातल्या दरे गावचे. बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा होता, पण ठाकरेंनी स्वतःहून राजीनामा दिल्यामुळं त्यांना परत आणता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याच दिवशी, त्याच पाच न्यायमूर्तींनी दिल्लीचाही निकाल दिला: पोलीस, सुव्यवस्था, जमीन सोडून बाकी अधिकाऱ्यांवर निवडून आलेल्या सरकारचं नियंत्रण राहील. तो आपल्याकडं कुणी पाहिलाच नाही.

एकाच दिवसाचे दोन निकाल शेजारी ठेवले की राज्यपाल आणि नायब राज्यपाल यांतलं अंतर दिसतं. महाराष्ट्राच्या राज्यपालावर मारलेला शेरा कायम राहिला, कारण त्याच्या मर्यादा घटनेत आहेत आणि राज्याचे अधिकार संसद एका फटक्यात उचलून नेऊ शकत नाही. दिल्लीच्या निकालाचं काय झालं? ८ दिवसांत, १९ मेला अध्यादेश निघाला आणि ऑगस्टमध्ये संसदेनं त्याचा कायदा केला. दिल्लीसाठी कुठल्याही विषयावर कायदा करायची संसदेला मुभा आहे, ती २३९ कक मध्येच लिहिलेली. त्या कायद्यानं बदल्या-नेमणुकांसाठी तीन जणांचं प्राधिकरण आलं. अध्यक्ष मुख्यमंत्री, सदस्य मुख्य सचिव आणि गृह खात्याचे प्रधान सचिव. निर्णय बहुमतानं. म्हणजे लाखो मतांवर निवडून आलेला मुख्यमंत्री दोन अधिकाऱ्यांपुढं २ विरुद्ध १ असा हरू शकतो. आणि तो जिंकला तरी अंतिम शब्द नायब राज्यपालाचा.

यात पक्षाचा चष्मा लावू नका, मला त्याचा कंटाळा आहे. पूर्ण राज्याची मागणी दिल्लीत भाजपनंही केलीय, काँग्रेसनंही केलीय, २००३ मध्ये अडवाणींनी तसं विधेयक संसदेत मांडलंही होतं. केंद्रात आणि दिल्लीत एकाच पक्षाचं सरकार असलं की हे परंतुक झोपलेलं असतं, इतकंच.

बाकीचे फरक किरकोळ. दिल्लीच्या मुख्यमंत्र्याची नेमणूक नायब राज्यपाल नव्हे, राष्ट्रपती करतात (परीक्षेत हमखास). मंत्री आमदारांच्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे मुख्यमंत्र्यासकट ७. राज्यात १५ टक्के. राज्यपालाची ५ वर्षांची मुदत घटनेत लिहिलीय, नायब राज्यपालाची नाही. आणि प्रत्येक केंद्रशासित प्रदेशात नायब राज्यपाल असतो असंही नाही. दिल्ली, पुदुच्चेरी, जम्मू-काश्मीर, लडाख, अंदमान-निकोबार इथं आहे, बाकी ठिकाणी सरळ प्रशासक.

एवढ्यावरही ज्याच्या डोक्यात 'पूर्ण' आणि 'नायब' हीच उतरंड बसलेली असते, त्याला मी चंदीगडला नेतो. १९८४ पासून पंजाबचा राज्यपाल हाच चंदीगडचा प्रशासक. पंजाबची फाईल आली की तो राज्यपाल, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं बांधलेला. चंदीगडची फाईल आली की तोच माणूस प्रशासक, आणि अनुच्छेद २३९ (२) त्याला स्पष्ट सांगतो की हे काम तुझ्या मंत्रिमंडळाला न विचारता कर. चंदीगड पंजाबची राजधानी, पण तिथल्या कारभारात पंजाबच्या मुख्यमंत्र्याचं काही चालत नाही. तिथं विधानसभा नाही, महापौर ३५ नगरसेवकांचा आणि तोही एका वर्षापुरता. माणूस एक, शहर एक, आणि 'पूर्ण राज्यपाल' असताना हात बांधलेले, 'नुसता प्रशासक' असताना मोकळे.

परवा हे सांगितल्यावर चहावाल्यानं गाळणी आपटत विचारलं, "मग सर, त्याला पगार दोन मिळत्यात का?"