सोफाय स्टेडियममध्ये 'बड्यांना' मास्कची सूट होती का?

कोविडकाळात, 13 फेब्रुवारी 2022 ला, लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियममध्ये झालेल्या सुपर बोलमध्ये (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) सेलिब्रिटी विनामास्क दिसले. तेव्हापासून एक समज पसरला आहे: लॉस एंजेलिस काउंटीचा (जिल्ह्याचा) मास्कसक्तीचा नियम सामान्यांसाठी होता, महागड्या बॉक्सवाल्यांना (खासगी कक्षांतल्या प्रेक्षकांना) सूट होती.

अशी सूट नव्हती. मोठ्या मैदानी कार्यक्रमांत 2 वर्षं आणि त्यावरील प्रत्येकाला मास्क सक्तीचा होता, तिकीट कितीचंही असो. तो उतरवायची मुभा प्रत्यक्ष खाता-पिताना होती. गोची इथेच झाली. हातात बिअरचा ग्लास असला की माणूस तासभर 'पीतच' असतो! सत्तर हजारांच्या गर्दीत अंमलबजावणी जवळपास नव्हतीच; स्वस्त रांगांतही उघडे चेहरे भरपूर होते. कॅमेरा मात्र बॉक्सकडेच वळतो.

रिपब्लिकन पक्षाने डेमोक्रॅट नेत्यांवर केलेला दांभिकपणाचा आरोप मात्र पोकळ नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी, 30 जानेवारीला, त्याच मैदानावर कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर न्यूसम आणि लॉस एंजेलिसचे तेव्हाचे महापौर गार्सेटी (दोघे डेमोक्रॅट) माजी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनसोबत विनामास्क फोटोत दिसले. शाळकरी मुलं तेव्हा वर्गात मास्क लावून बसत होती. फोटोपुरता श्वास रोखला होता, हा गार्सेटींचा खुलासा तर हास्यास्पदच. श्वास सोडल्यावर पुढचा श्वास तिथल्याच हवेतून घ्यावा लागतो, आणि सूक्ष्म तुषार हवेत बराच वेळ तरंगतात.

'म्हणजे मास्क निरुपयोगी' हा निष्कर्षही चुकीचा. नेत्याने मास्क काढला, यावरून त्या नेत्याबद्दल कळतं. मास्क किती गाळतो, हे त्याचं कापड आणि तो चेहऱ्यावर किती घट्ट बसतो यावर ठरतं.