रेडिएशनच्या काळातील आहार व गिळणे

तोंड, जीभ, घसा किंवा स्वरयंत्राच्या कर्करोगावर किरणोपचार चालू असताना रुग्णाचे वजन आणि गिळण्याची क्रिया टिकवण्यासाठी दिली जाणारी मदत. बोलीत या उपचाराला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. तंबाखू, गुटखा व मिश्री ही या कर्करोगांची मोठी कारणे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती कागदावर.

पूर्ण मात्रा साधारण ६० ते ७० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) असते. ती आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे सहा-सात आठवड्यांत विभागून देतात. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांतून नाशिकला रोज ये-जा जमत नाही. रुग्ण नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहतो, म्हणजे स्वयंपाक दुसऱ्याच्या हातचा. पथ्याचा कागद बहुधा तिथेच बाजूला पडतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते, लाळ दोरीसारखी चिकट होते, चव जाते. मिसळीचा कट सोडाच, साधे टोमॅटोचे सारही झोंबते. घरचे मग वरणाचे पाणी आणि भाताची पेज देऊ लागतात. पातळ म्हणजे पौष्टिक, हा समज इथे फार नडतो. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे १८०० कॅलरी आणि ७० ते ९० ग्रॅम प्रथिने लागतात. वरणाच्या पाण्यातून त्यातले फारच थोडे मिळते. महिन्यात पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरणे हा धोक्याचा इशारा मानतात.

जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातली नागली इथे उपयोगी पडते. मात्र ताकातली आंबील आंबटपणामुळे झोंबते, म्हणून नागलीचे सत्त्व दुधात घट्टसर शिजवून, दूध पावडर व तूप घालून, कोमट करून देतात. गुठळी राहिली तर गाळून घेतात. मऊ मूगखिचडी, दह्याऐवजी ताजे पनीर कुस्करून, नीट फेटून मऊ शिजवलेले अंडे हेही चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये भेटायला येणारे हमखास द्राक्षे आणतात. ती आंबट असतात आणि अख्खी असल्यास श्वासनलिकेकडे घसरू शकतात.

पाण्याने ठसका लागतो पण सत्त्व उतरते, याचे नवल वाटते. पातळ द्रव वेगाने घशात जातो आणि मंदावलेल्या गिळण्याला सावरायला वेळ मिळत नाही. कधी अन्न ठसक्याशिवायच फुप्फुसात जाते. जेवणानंतर घोगरा, ओला आवाज किंवा वारंवार ताप ही त्याची खूण. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याची युक्ती काहींना लागू पडते, सर्वांना नाही. ती गिळण्याच्या तज्ज्ञाने तपासूनच ठरवावी.

तोंडाने पुरेसे जात नसेल तर नाकातून किंवा पोटातून नळी घालतात. नळीला अनेकजण ‘शेवट’ समजून नकार देतात. प्रत्यक्षात ती बहुधा तात्पुरती असते. नळीतून देताना रुग्णाला टेकून बसवावे आणि प्रत्येक वेळी शेवटी साध्या पाण्याने नळी धुवावी, नाहीतर सत्त्व आत सुकून बसते. नळी असली तरी तज्ज्ञाने सुरक्षित ठरवलेले घोट गिळत राहावेत. न वापरलेले स्नायू आखडतात.

लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ व चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भरतात. तोंड किती उघडते ते रुग्णाच्या स्वतःच्याच बोटांनी मोजतात: तीन बोटे उभी आत गेली तर ठीक. उपचार संपल्यावर चट्टे काही आठवड्यांत भरतात, चव यायला महिने लागतात, पण घशाचा कडकपणा काहींमध्ये वर्षांनंतरही वाढतो. त्यामुळे जबड्याचे व गिळण्याचे व्यायाम शेवटच्या शेकानंतरही चालू ठेवायला सांगतात.