७८ची रेकॉर्ड आणि एलपी: दोन्ही काळ्या, पण पिन एक नको

घरातल्या जुन्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर घ्यायच्या ठरल्या की लोक आधी सॉफ्टवेअर विचारतात. त्याआधी हातातली तबकडी लाखेची (म्हणजे ७८ची) आहे की व्हिनाइल या प्लास्टिकची (म्हणजे एलपी), ते बघा. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल, कित्येकदा लेबलावर कुत्राही तोच. लाखेची जड आणि ठिसूळ, बहुधा १० इंची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, मिनिटाला ७८ फेरे. एलपी थोडी वाकते, बहुधा १२ इंची, बाजूला वीसेक मिनिटं, ३३ फेरे. एलपी अमेरिकेत १९४८ साली आली, पण आपल्याकडे साठच्या दशकातही ७८च्या निघत होत्या. म्हणजे साल बघून अंदाज बांधू नये.

खरी गोम खाचेत आहे. ७८ची खाच एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीची पिन तिच्यात तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तिथला कचरा वाजवते. उलट ७८ची जाड पिन एलपीवर ठेवली, तर एलपी कायमची खराब. त्यामुळे ७८साठी वेगळी पिन घ्याच, हा खर्च टाळण्यासारखा नाही.

लाखेच्या तबकडीची खरखर मात्र सगळी धुळीची नसते. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असे. पोलादी पिन घासून खाचेच्या आकाराची व्हावी, हा हेतू. पूड आजही तिथेच आहे, कितीही पुसा. आणि पुसताना स्पिरिट अजिबात नको! सुतार लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवून करतात, तेच तुमच्या रेकॉर्डचं होईल. व्हिनाइलला पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

टर्नटेबलला ७८चा वेग नसेल तर ४५वर वाजवून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग १.७३३ पट करा. फोनो प्रीअँप, म्हणजे पिनचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र, आरआयएए नावाच्या ठरीव प्रमाणाने खर्ज-तार दुरुस्त करतं. ही दुरुस्ती एलपीसाठी बरोबर; पण ती रूढ झाली १९५४च्या सुमारास, त्याआधी प्रत्येक कंपनीचं गणित निराळं. म्हणून जुनी ७८ वाजवताना खर्ज-तार कानानेच जुळवावे लागतात.

७८ मोनो (एकाच वाहिनीची) असली तरी रेकॉर्डिंग स्टिरिओतच (डावी-उजवी अशा दोन वाहिन्यांत) करा, म्हणजे खाचेची प्रत्येक भिंत वेगळ्या वाहिनीत येते. खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजलेल्या नसतात. एक बाजू स्वच्छ असेल तर तेवढीच ठेवा, नाहीतर दोन्ही मिसळून मोनो करा. पिनच्या वर-खाली हालचालीचा बराच आवाज त्यातच कटतो. स्टिरिओ एलपीवर हा प्रयोग करू नका, वाद्यांची मांडणीच जाईल. फाइल दोन्हींची २४ बिट वॅव्ह किंवा फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारची.

नॉइज रिडक्शन जपून. खरखरीबरोबर आधी तानपुरा जातो, मग गळ्यातली धार. आणि सुरुवातीच्या ७८वर कित्येक गायक शेवटी स्वतःचं नाव सांगत, तेव्हा गाणं संपल्याबरोबर फाइल कापू नका.