हेलट आणि गुलाम: स्पार्टाचा कष्टकरी अथेन्सच्या कष्टकऱ्यापेक्षा वेगळा का?

इ.स.पू. 414 मध्ये प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्स नगरात एक मोठा लिलाव झाला. देवमूर्तींची तोडफोड आणि पवित्र विधींची विटंबना केल्याबद्दल दोषी ठरलेल्यांची मालमत्ता सरकारने विकायला काढली होती. विक्रीच्या याद्या दगडावर कोरल्या गेल्या. त्यांचे तुकडे आजही वाचता येतात. त्यात केफिसोडोरस नावाच्या एका परदेशी रहिवाशाचे 16 गुलाम आहेत. थ्रेसची बाई, 165 द्राख्मा (अथेन्सचं चांदीचं नाणं). सीरियाचा पुरुष, 301. कारियाचं लहान मूल, 72. त्यांची नावं लिहिलेली नाहीत. कुठलं माणूस आणि कितीला गेलं, एवढीच नोंद.

अथेन्सचं प्रतिस्पर्धी नगर स्पार्टा. तिथे हेलटांची, म्हणजे स्पार्टन धन्यांसाठी शेतं कसणाऱ्या पराधीन लोकांची, अशी यादी निघालीच नसती, कारण हेलट बाजारात उभा करून विकता येत नसे. आपल्याकडच्या लेखनात मात्र ‘हेलट म्हणजे स्पार्टाचे गुलाम’ असं सरसकट लिहिलं जातं आणि दोन अगदी वेगळ्या व्यवस्था एकात मिसळतात. हा फरक लक्षात घेतला नाही तर स्पार्टा आयुष्यभर एवढं भेदरलेलं का होतं, हेच कळत नाही.

हेलट कुठून आले? लॅकोनियातल्या, म्हणजे स्पार्टाच्या आसपासच्या मुलखातल्या, हेलटांचं मूळ धूसर आहे, पण मेसेनियाची गोष्ट बरीच स्पष्ट आहे. टायगेटस डोंगराच्या पश्चिमेचा हा सुपीक मुलूख स्पार्टाने इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांत लढून घेतला. तिथली माणसं तिथेच राहिली, फक्त त्यांच्या जमिनीचा धनी बदलला. त्याच काळातला स्पार्टाचा कवी टिर्टियस लिहितो, की ओझ्याने वाकलेल्या गाढवांसारखे ते आपल्या पिकाचा अर्धा वाटा धन्याला आणून देत. मराठी वाचकाला इथे अर्धेलीने शेत कसणारं कूळ आठवेल. ते साम्य वाट्यापुरतंच आहे. कुळाला निदान गाव सोडून जाता येतं. हेलट जमिनीला बांधलेला होता. धनी त्याला मुलखाबाहेर विकू शकत नसे आणि स्वतःच्या मर्जीने मुक्तही करू शकत नसे. तो अधिकार राज्याचा.

पण हेलटाकडे एक गोष्ट होती, जी त्या कारियाच्या मुलाकडे नव्हती. त्याला घर होतं, बायकामुलं होती, शेजारीही त्याच्याच बोलीचे होते. आजोबांनी नांगरलेल्या शेतातच तो राबत होता आणि आपण मेसेनियाचे आहोत ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकली होती.

अथेन्सचा गुलाम याच्या नेमका उलट. इ.स.पू. 594 च्या सुमारास सोलोनने कर्जापायी अथेन्सच्या माणसाला गुलाम करणं बंद केलं. त्यानंतर गुलाम मुख्यतः बाहेरून, युद्धकैद्यांतून आणि व्यापाऱ्यांकडून येऊ लागले. एकाच घरात थ्रेसची, सीरियाची, इलिरियाची माणसं राबत, एकमेकांची भाषा न समजता. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल दोघांनीही स्पष्ट लिहून ठेवलंय, की गुलाम एकाच मुलखातले असू नयेत. त्यांच्या डोळ्यांपुढे मेसेनिया होता.

अथेन्सच्या गुलामांची आपसांतली परिस्थितीही सारखी नव्हती. इरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाच्या हिशोबात नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम कारागिरांना दिवसाला एकच द्राख्मा मजुरी लावलेली दिसते, अर्थात गुलामाच्या मजुरीवर हक्क मालकाचा. पासिऑन नावाचा गुलाम पेढीवर काम करता करता मुक्त झाला, पेढीचा मालक झाला आणि शेवटी अथेन्सचा नागरिकही. दुसऱ्या टोकाला लॉरियनच्या चांदीच्या खाणी. ग्रीक लेखक झेनोफॉन सांगतो, की सेनापती निकियासने 1,000 माणसं खाणीसाठी भाड्याने दिली होती, माणशी दिवसाला 1 ओबोल, म्हणजे द्राख्म्याचा सहावा हिस्सा. करारात एक अट होती: माणसांची संख्या कायम 1,000 भरलीच पाहिजे. त्या अटीत किती मृत्यू गृहीत धरलेले होते, ते ज्याचं त्याने समजावं.

गुलाम पळून जात, एकत्र उठाव करत नसत. इ.स.पू. 413 मध्ये स्पार्टाने अथेन्सजवळच्या डेकेलियात तळ ठोकला, तेव्हा 20,000 हून अधिक गुलाम पळाले आणि त्यांत बहुतेक कारागीर होते, असं त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो. अथेन्सचं त्यात मोठं नुकसान झालं. पण त्या गुलामांनी शहरावर चाल केली नाही. परत मिळवायला त्यांचं असं तिथे काही नव्हतंच.

हेलट मात्र उठत. इ.स.पू. 464 च्या सुमारास मोठा भूकंप होऊन स्पार्टा खिळखिळं झालं, तेव्हा ते बंड करून इथोमे डोंगरावर जाऊन बसले. त्यांना हटवायला स्पार्टाने अथेन्सची फौज बोलावली आणि मग तिच्यावरच संशय घेऊन तिला परत पाठवलं. या अपमानाने दोन्ही नगरांचं बिनसलं ते बिनसलंच. अखेर डोंगरावरच्यांना वाट करून द्यावी लागली आणि अथेन्सने त्यांना नाउपाक्टसला वसवलं.

स्पार्टाची भीती समजायला इतिहासकार हेरोडोटसचा एक आकडा पुरेसा आहे. इ.स.पू. 479 च्या, इराणी फौजेविरुद्धच्या प्लाटियाच्या लढाईत 5,000 स्पार्टन होते आणि प्रत्येकामागे 7 हेलट. लढायला नेणार तेच, आणि पाठीत सुरा खुपसतील म्हणून भिणार तेही त्यांनाच. म्हणून दरवर्षी एफोर नावाचे अधिकारी पदावर येताच हेलटांविरुद्ध युद्ध जाहीर करत, म्हणजे हेलटाला मारणं हा खून ठरत नसे. क्रिप्टिया या प्रथेत निवडक तरुण रात्री फिरून हेलटांना ठार करत.

थ्युसिडिडीसने सांगितलेली एक घटना वाचताना मला अजून अस्वस्थ व्हायला होतं. युद्धात सर्वांत चांगली कामगिरी आपण केली असं ज्या हेलटांना वाटतं, त्यांनी पुढे यावं, त्यांना मुक्त करू, असं स्पार्टाने जाहीर केलं. सुमारे 2,000 जण निवडले गेले. त्यांनी डोक्यावर पुष्पमाला घातल्या आणि देवळांना फेरी घातली. थोड्याच काळात ते सगळे नाहीसे झाले. कोणाला कसं मारलं, ते कधीच कळलं नाही. स्वातंत्र्य मागायला जो पहिला पुढे येईल तोच सर्वांत धोक्याचा, हा त्यामागचा हिशोब थ्युसिडिडीसने स्वतःच सांगितला आहे.

गुलाम बरा की हेलट, असा प्रश्न हमखास विचारला जातो. मला तो चुकीचा वाटतो, कारण पासिऑन एकटा सुटू शकला आणि हेलट सुटले ते मुख्यतः सामूहिकपणे. इ.स.पू. 371 मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत थीब्ज या ग्रीक नगराने स्पार्टाचा पराभव केला. पुढच्या मोहिमेत सेनापती एपामिनोंडासने मेसेनिया मुक्त केला आणि इ.स.पू. 369 मध्ये त्याच इथोमेच्या पायथ्याशी मेसेने हे नवं शहर उभं राहिलं. परदेशी पांगलेल्या मेसेनियन घराण्यांतले लोक तिथे परत आले. शहराचा दगडी तट अजूनही उभा आहे.